सड्यावरचा खुंटा

मालगुंड
१० नोव्हेंबर २०२४

चि. गौरव,

अनेक आशीर्वाद लिहायला घेतले होते. पण तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, तेव्हा आशीर्वाद तरी कशाला वाया घालवू? तुझा पत्ता आईकडून काढला. ती देत नव्हती. "त्याला बरा राहू दे तिकडं," म्हणाली. शेवटी मस्कतच्या त्या गॅरेजच्या पोस्ट बॉक्सचा कागद तिच्या औषधांच्या डब्यात सापडला. ओमानला किती तिकीट लागतं ते शोधायला पोस्टातल्या बाईंना अर्धा तास लागला. आता कोण कुणाला पत्र लिहितं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

कामाचं लिहितो. मोटारसायकलच्या टूर पुन्हा सुरू केल्या. मुरुडहून निघायचं, दाभोळची फेरीबोट, गुहागर, मग तवसाळहून जयगडची फेरीबोट, मालगुंडला जेवण आणि संध्याकाळी रत्नागिरी. रस्ता तोच, समुद्र तोच, पाहुणेही तसेच, दर दोन मैलांवर हेल्मेट काढून फोटो काढणारे. पुढे मी आहे. मागे कोणी नाही. तू होतास तेव्हा शेपूट म्हणून तुला चिडवायचे सगळे, पण ते शेपूट दुसऱ्या कुणाला जमत नाही. रूपेशला दोनदा मागे ठेवला. दोन्ही वेळा तो माझ्याआधी रत्नागिरीत पोचला.

आता मुद्द्याचं. विनीतचा पाय गेला त्याला नऊ महिने झाले. गाव अजून त्यावर बोलतं आणि गावाच्या तोंडाला झाकण कोण घालणार? प्रत्येक अवघड वळणावर एक माणूस उभा करायचा, म्हणजे मागचे पाहुणे चुकत नाहीत. तो आपला खुंटा. सगळ्या गाड्या गेल्या की शेवटी शेपूट येणार, खुंट्याला उपटणार आणि सोबत घेऊन पुढे जाणार. ही पद्धत आपण दोघांनी मिळून बसवली होती. विनीत सड्यावरच्या, त्या उघड्या कातळपठारावरच्या वळणाला खुंटा होता. शेपूट तू होतास. तू आला नाहीस. हे मी एकटा म्हणत नाही, देवीनेही तोच कौल दिला आहे. तेव्हापासून पालखीला तुझा खांदा बंद झाला.

मार्चात शिमगा आहे. तू ये. देवीपुढे चूक कबूल कर, विनीतच्या पाया पड, दंडाचा नारळ दे. गावचे मानकरी दाजी गावकर, त्यांच्याशी मी बोलतो, ते माझा शब्द खाली पडू देत नाहीत. गाव घेईल तुला. तोंड लपवून परमुलखात किती वर्षं राहणार आहेस? तुझ्यासाठी एवढं करणारा दुसरा कोण आहे ते एकदा मोजून बघ.

तुझा दादा


मालगुंड
२९ डिसेंबर २०२४

चि. गौरव,

तू आईला फोनवर सांगितलंस म्हणे, "दादाची पत्रं मिळतात." पत्रं कसली, एकच तर पाठवलं होतं. आणि त्याचं उत्तर एवढंच असेल तर धन्य आहे. लहानपणापासून तुझं असंच. मी दहा वाक्यं बोलायची आणि तू नखं कुरतडत बसायचं.

परवाची टूर झाली. बारा गाड्या होत्या. जयगडला उतरून सड्यावर चढलो. जिथे एक रस्ता ट्रकच्या वाटेला लागतो आणि दुसरा खाली मालगुंडला येतो, त्या वळणावर खुंटा ठेवायची पाळी आली. रूपेश म्हणाला, "दादा, मी ऱ्हातो हुभा." मी त्याला पुढे पिटाळलं आणि स्वतः उभा राहिलो. पुढचा माणूस वळणावर उभा, म्हणजे वरातीत नवरदेवाने गॅसबत्ती धरण्यातला प्रकार. पाहुणे हसले. हसू दे.

चाळीस मिनिटं उभा होतो. कातळावर एक झाड नाही. डिसेंबर असूनही हेल्मेटमध्ये डोकं शिजलं. गाडीच्या सावलीत बसावं म्हटलं तर दुपारच्या उन्हात गाडीला सावली ती किती? चाळीस मिनिटांत मी सहा वेळा घड्याळ पाहिलं. विनीत त्या दिवशी दीड वाजल्यापासून पावणेसातपर्यंत तिथे होता. मोबाईल सामानाच्या जीपमधल्या बॅगेत. पाण्याची बाटली एक.

वरच्या बागेतले आंबेवाले स्कूटरवरून दोनदा गेले होते. परवा तेच मला सांगत होते. जाताना विनीतला म्हणाले, "अरे, तुजी मानसा कवाच गेली, जा की आता." तर म्हणाला, "हर्षददादांनी सांगितलाय, शेपूट आल्याबिगर हलायचा नाय." येतानाही तेच उत्तर. आंबेवाल्यांना कौतुक वाटत होतं. माणूस शब्दाचा पक्का, म्हणाले. मी मान हलवली.

सकाळी निघताना मी काय बोलायचो ते तुला पाठ आहे. देव जरी आला आणि चल म्हणाला तरी खुंट्याने हलायचं नाही. पाहुणे टाळ्या वाजवायचे. विनीत पाहुणा नव्हता. त्याने ते खरं धरलं.

तुझा फोन आला होता, नाही असं नाही. पण मालगुंडच्या त्या खानावळीत रेंज कशी असते ते तुला माहीत आहे. अर्धं ऐकू येतं, अर्धं नाही. त्यात पानं वाढलेली. तू पुन्हा फोन करायला हवा होतास. एकदा सांगून मोकळं होणं ही जबाबदारी नव्हे. तेव्हा सगळं माझ्यावर लोटू नकोस.

तू लोटलेलं नाहीस म्हणा. तू काहीच बोललेला नाहीस.

शिमग्याचं काय ते कळव.

दादा


मालगुंड
२ फेब्रुवारी २०२५

गौरव,

मागच्या पत्रात रेंजचं लिहिलं ते खोटं होतं.

पोस्टात टाकल्यावर तीन दिवस जेवण गेलं नाही. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. तुझा फोन मला स्वच्छ ऐकू आला होता. सव्वादोन वाजले होते. तू म्हणालास, "दादा, हेदवीच्या अलीकडे त्या नाशिकवाल्याची गाडी बसली आहे. टेम्पोत घालून चिपळूणवरून हायवेने आणतो. मी जयगडला येत नाही. विनीतला तू उपट." मी म्हणालो, "बरं, बघतो मी." तू पुन्हा म्हणालास, "नक्की ना?" मी म्हणालो, "अरे, बघतो म्हटलं ना."

आणि मी पानावर जाऊन बसलो. शेजारी मुंबईची ती हेतल होती, मोठ्या प्रवासी कंपनीची, वर्षभराच्या टूर आपल्याला देणार म्हणून बघायला आलेली. तिला सुरमई वाढत होतो, सोलकढीत काय काय घालतात ते सांगत होतो, आमच्याकडे आजवर एक पाहुणा चुकला नाही असं छाती पुढे काढून सांगत होतो. मालगुंडहून सड्यावर जायला वीस मिनिटं लागतात. मी जेवणानंतर जाणार होतो. जेवणानंतर ती म्हणाली, आरे-वारेचा समुद्र कलत्या उन्हात बघायचा आहे. मी गाडीला किक मारली आणि पुढे लागलो. विनीत डोक्यातून गेला तो गेलाच. मुद्दाम नाही, टाळायचं म्हणूनही नाही. नुसता गेला. बाकीच्यांना वाटलं तो तुझ्याबरोबर आहे.

साडेसात वाजता तू रत्नागिरीच्या हॉटेलात टेम्पो घेऊन आलास. टेम्पोतून उतरायच्या आधी विचारलंस, "विनीत कुठे आहे?" मी तुझ्याकडे बघितलं आणि मला सगळं आठवलं. तेवढ्यात जयगडहून फोन आला. ट्रकने उडवलं होतं त्याला, अंधार पडता पडता. ट्रकवाला पळाला नाही, त्यानेच उचलून नेलं. त्याला तरी काय दिसणार? काळी गाडी, काळं जॅकेट आणि वळण.

हॉस्पिटलात विनीतची बायको, दीपाली, मुलीला कडेवर घेऊन धावत आली. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी आपण दोघे उभे होतो. तिने विचारलं, "त्यांना आणायला कोन जानार होता?" मी म्हणालो, "शेपूट गौरव होता." एवढंच बोललो. यात खोटं काय आहे, असं तेव्हाही मनाशी म्हटलं. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता बोलशील. तू बाकावर बसलास आणि खाली बघत राहिलास. नंतर पोलिसांपुढेही मी तेच वाक्य बोललो, आणि तू खाली सही केलीस.

का केलीस? थोरल्या भावापुढे बोलायचं नाही, ही आईची शिकवण मला ठाऊक आहे. पण एवढी? एकदा ओरडला असतास तर मी तिथल्या तिथे कबूल केलं असतं. निदान मला तसं वाटतं. आता वाटून काय उपयोग.

हर्षद


मालगुंड
२३ फेब्रुवारी २०२५

गौरव,

कौलाचं राहिलं होतं. तेही लिहून टाकतो.

तुला वाटत असेल, देवीसुद्धा दादाच्याच बाजूची. तू तेव्हा देवळाच्या पायरीवर होतास, आत आला नाहीस. आत काय झालं ते ऐक. विनीतच्या चुलत्यांनी हट्ट धरला होता, कुणाची चूक ते देवीला विचारा. सखाराम गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. प्रश्न घालायचा मान आपल्या घराचा आणि घरात थोरला मी.

मी आदल्या दिवसापासून तो प्रश्न मनात घोळवत होतो. देवीपुढे खोटं बोलायची छाती नव्हती. म्हणून खोटं नसेल असा प्रश्न घातला. "बाय माझे, शेपटाला असलेला माणूस त्या दिवशी वळणावर आला नाही, म्हणून विनीतवर ही पाळी आली. हे खरं असेल तर उजवी दे." क्षणात उजवी पडली. का नाही पडणार? तू वळणावर आला नव्हतासच. मी जायचं कबूल केलं होतं का, हे तिला कुणी विचारलंच नाही.

दाजींनी बाहेर येऊन निकाल सांगितला. तू पायरीवरून उठलास, चपला घातल्यास आणि चालू लागलास. पंधरा दिवसांनी मस्कत. तू आणि विनीत एका बाकावर शिकलात, एका होडीला धरून पोहायला शिकलात, आणि त्याला वाटतं की तू त्याला कातळावर टाकून हायवेने निघून गेलास.

शिमग्याला तू नको येऊस. मी तुला चूक कबूल करायला बोलावलं होतं, ते पत्र फाडून टाक. यंदा जे बोलायचं ते मी बोलतो. सखाराम गुरवाला सांगून कौल नव्याने लावायला लावतो, बरोबर प्रश्न घालून. तुझा खांदा तुला परत मिळाला पाहिजे.

हर्षद


मालगुंड
१८ मार्च २०२५

गौरव,

शिमगा झाला. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

आधी गुरवाकडे गेलो. म्हटलं, कौल परत लावायचा आहे. सखाराम म्हणाला, "लागलेला कौल पुन्ना लावत नाय. देवीला खोटी पाडायची काय?" म्हटलं, प्रश्न चुकला होता. म्हणाला, "प्रश्न चुकला आसता तर तिन कळी धरून ठेवली आसती."

मग पालखी सहाणेवर, तिच्या नेहमीच्या चौथऱ्यावर बसली. सगळा गाव जमला होता, मुंबईकर चाकरमानीही होते. विनीतला खुर्चीवर बसवून आणलं होतं. गाऱ्हाणं संपलं आणि मी पुढे झालो. सगळं बोललो. तुझा फोन, माझं "बघतो मी", हेतल, सुरमई, हॉस्पिटलातलं वाक्य, कौलाचा प्रश्न. एक अक्षर राखून ठेवलं नाही. लोक मारतील असंही वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग दाजी गावकर उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला जवळ घेऊन म्हणाले, "हर्षद, बास कर आता. भावासाठी मानसान किती खाली वाकायचा? पन देवीन दिल्यालो कौल आपल्या तोंडान फिरवू नये." आणि गावाकडे वळून म्हणाले, "बगा रं. ह्येला म्हनतात थोरला."

मी पुन्हा सांगायला गेलो. माझा आवाज ढोलात बुडाला. बायका पदराला डोळे पुसत होत्या. कुणीतरी माझ्या पाया पडलं. आणि गौरव, पालखीचा पहिला खांदा त्यांनी मला दिला. गावकरांच्या घरचा मान, तो मला दिला.

मी तो घेतला. नको म्हणायला हवं होतं, ते कळत होतं. खांद्यावर दांडा बसला, लोक नाचवायला लागले आणि मी नाचलो. थोडं बरंही वाटलं. हे तुझ्यापासून लपवत नाही.

तू हॉस्पिटलात का बोलला नाहीस ते मला त्या पालखीखाली कळलं. आईची शिकवण वगैरे काही नव्हतं. माझ्यासमोर तुझा शब्द कुणी धरणार नाही, हे तुला तेव्हाच माहीत होतं. तू बोलला असतास तर चुकारही ठरला असतास आणि वर थोरल्यावर आळ घेणाराही.

दुसऱ्या दिवशी विनीतच्या घरी गेलो. तो पडवीत जाळं दुरुस्त करत होता. होडीवर उभं राहता येत नाही, म्हणून आता हेच काम. दीपालीने चहा आणून ठेवला. मी त्याला सगळं पुन्हा सांगितलं, त्याच्या तोंडाकडे बघून. तो सुतळी दातात धरून ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "दादा, पुरे झाला. तुमी अजून किती दिस त्येला झाकनार? गौरवला लिवा, माज्या मनात आता काय नाय. माफ केलाय म्हनावा. येऊ दे त्येला घरी."

हा त्याचा निरोप. द्यायचं कबूल केलं, म्हणून लिहिला.

दीपालीने माझ्यासमोरचा कप उचलला आणि आत घेऊन गेली. मी अजून तोंडही लावलं नव्हतं. निघालो तर ती माझ्यामागून अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत आली.

"ते नाय मानायचे," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून बगते, तुमी सांगाल ती पूर्व दिशा. मी मानते. सईनिशी लिवून द्याल?"

"काय?"

"आता बोललात ता सगळा. पोलिसांत द्यायला."

पोलिसांत गेलं की टूर गेल्या, परवाने गेले, हेतलची कंपनी गेली, आणि खोटा जबाब दिला म्हणून माझ्यावर काय होईल ते वेगळंच. हे सगळं तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात फिरलं. सहाणेवर बोलताना यातलं काही फिरलं नव्हतं. मी म्हणालो, "बघतो मी."

"बगतो म्हनालात, तवाच तर झाला ह्या सगळा," ती म्हणाली आणि परत गेली.


२० मार्च, दुपारी

पत्र पोस्टात टाकायचं थांबवलं होतं. काल दिवसभर बसून यातला मजकूर दुसऱ्या कागदांवर उतरवून काढला. फोन, वेळ, हॉस्पिटल, पोलिसांपुढचं वाक्य, कौल. आधी वाटलं, दोन्ही प्रती तुलाच पाठवाव्यात, पोलिसांत द्यायचं की फाडायचं ते तू ठरव. पाकीट चिकटवताना लक्षात आलं, पुन्हा तुझ्याच गळ्यात बांधतो आहे.

म्हणून आज सकाळी ती प्रत दीपालीला नेऊन दिली. तिने दारातच उभ्याने वाचली, सावकाश, एकेका ओळीवर बोट ठेवून. विनीत आतून कोण आलंय म्हणून विचारत होता. तिने उत्तर दिलं नाही. शेवटच्या पानावर तिचं बोट थांबलं. उतरवण्याच्या भरात मी खाली सवयीने "दादा" लिहून ठेवलं होतं.

"ह्या चालनार नाय," ती म्हणाली. "पूर्न नाव घाला."

आतून मुलीचं पेन आणून तिने माझ्या हातात दिलं. भिंतीला कागद लावून मी नाव घातलं. तिने घडी करून पर्समध्ये ठेवली, चपला घातल्या आणि अकराच्या गाडीने जयगडच्या पोलीस ठाण्याकडे गेली. ती अजून परत आलेली नाही.

तुझ्या प्रतीवरही तेच नाव घालतो.

हर्षद यशवंत मयेकर